चंद्रप्रभामावशींचं पथ्य

द्वारकेतल्या मराठी घरात कुणाला दिवस गेले, की ती बातमी सासरी-माहेरी पोचायच्या आत चंद्रप्रभामावशींकडे पोचलेली असायची. ही द्वारका कृष्णाची नव्हे हं, दिल्लीची; विमानतळाला चिकटून नव्याने वसत असलेली. मेट्रोचे खांब उभे राहिले होते, पण त्यांवरून गाडी धावायला अजून अवकाश होता. सोसायट्यांना नावं ऐटबाज आणि पाणी टँकरचं. पुण्या-मुंबईची पोरं-पोरी गुडगावच्या काचेच्या ऑफिसांत नोकरीला लागत होती, इथे फ्लॅट घेत होती, आणि वर्ष-दोन वर्षांत आईला हाक मारावी अशी वेळ त्यांच्यावर यायचीच. आई लांब. मग मावशी होत्या.

मावशी तशा रक्ताच्या कुणाच्याच नव्हत्या. यजमान गुणवंतराव केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले, सरकारी क्वार्टर सोडून दोघं द्वारकेला तिसऱ्या मजल्यावर राहायला आली, मुलगा सिंगापूरला गेला आणि बाईंच्या हातांना काम उरलं नाही. ते हात काय गप्प बसणारे होते? डिंक तळायचा, बाळंतशोपा भाजायच्या, जुन्या मऊ साड्या फाडून झबली-टोपडी शिवायची, बाळाला पायांवर पालथं घेऊन न्हाऊ घालायचं, शेक-शेगडी, धुरी... एकेका घरी महिना-महिना त्या सकाळ-दुपार खेपा घालायच्या. गुणवंतराव म्हणायचे, “अगं, मलाही कधी मूल होणार असं सांगा कुणीतरी, म्हणजे तू घरी सापडशील.” त्यावर मावशी, “इश्श, काहीतरीच!” म्हणून चपला घालायच्या.

बाईंचा एक अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत. “माझ्या हाताखालच्या पोरींना सुरी लागली नाही हो,” असं त्या सांगायच्या. सुरी म्हणजे सिझेरियन. त्या काळात दिल्लीत नर्सिंग होम उगवत होती आणि जिकडेतिकडे ‘ऑपरेशन से हुआ’ ऐकू यायचं. मावशी तो शब्द ऐकला की कानांवर हात ठेवायच्या. त्याला कारण होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑपरेशननेच झाला होता. तेव्हा टाके चिघळले, ताप उतरेना, आणि पोटच्या पोराला त्यांना कितीतरी दिवस नीट उचलूनही घेता आलं नाही. शेजारची सरदारीण त्याला मांडीवर घ्यायची आणि ह्या खाटेवरून बघायच्या. ते बघणं त्या कधी विसरल्या नाहीत. आपल्यावर आलं ते दुसऱ्या पोरीवर येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या म्हणण्यात वाईट काय होतं?

त्यासाठी त्यांचं एक पथ्य होतं. सातव्यात डोहाळजेवण दणक्यात करायचं, पंचपक्वान्नं करून पोरीला हवं ते खाऊ घालायचं. आणि आठवा लागला की हात आखडता घ्यायचा. एक पोळी, वाटीभर वरण, संध्याकाळी ताक-भात. मूल पोटात फार वाढलं की अडतं, अडलं की सुरी येते. बारीक, सुटसुटीत राहिलं की कसं अलगद बाहेर येतं. सासूने त्यांना हेच सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने. बरं, आजवर साऱ्या पोरी सुटल्याही होत्या. मग शंका घेणार कोण?

रसिकाने तर नाहीच घेतली. ही पुण्याची मुलगी, बँकेत नोकरी करणारी, बोलायला तरतरीत. पण ऑपरेशनचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरायचा. तिचा नवरा राघव गुडगावला कंपनीत. तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आलेला, त्यामुळे आईला त्यांना सोडून येता येत नव्हतं. सासूबाई हेमलताताई नाशिकला शाळेत शिकवत. त्या परीक्षा आटोपल्यावरच येणार होत्या. तेव्हा मावशींनी रसिकाला आपल्या पंखाखाली घेतलं, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर त्यांचा जीवच जडला. ही पोर केस विंचरून घ्यायला त्यांच्या पुढ्यात बसायची आणि ऑफिसातल्या गमती सांगायची. स्वतःची मुलगी नसलेल्या बाईला आणखी काय हवं?

आठवा लागला तसा मावशींनी तिचा स्वयंपाक आपल्या हातात घेतला. डिसेंबरची थंडी. बाजारात मटार-गाजरांचे ढीग, घराघरात पराठ्यांचा वास. एका दुपारी रसिकाने पोळी संपवली, बोट चाटलं आणि हळूच विचारलं, “मावशी, अजून एक घेऊ?”

मावशींनी पोळ्यांचा डबा उचलून ओट्यावर ठेवला. “थोडं सोस गं राजा. आता किती दिवस राहिलेत? एकदा सुटलीस की तूप ओतून ओतून वाढते बघ.” आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. रसिका हसली. “बिल्कुल, मावशी,” म्हणाली आणि ताटातच पाणी पिऊन उठली.

नववा लागला न लागला तोच तपासणीत डॉक्टर कोहलींच्या कपाळाला आठी पडली. कोहली म्हणजे उंचीपुरी, मोठ्या आवाजाची पंजाबी बाई. तिने पोटाला फीत लावली, सोनोग्राफी करवली, रसिकाचा रक्तदाब पुन्हा पुन्हा बघितला आणि मग म्हणाली, “बच्चा बढ़ नहीं रहा. पानी भी कम है. धड़कन भी ठीक नहीं लग रही. आज ही ऑपरेशन करना पड़ेगा.”

रसिकाने मावशींचा हात घट्ट धरला. मावशी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. राघवला गाडीकडे पिटाळून त्यांनी कॉरिडॉरमध्ये डॉक्टरणीला गाठलं. हिंदी त्यांचं तसं कामचलाऊच, पण रागात ते आणखी धावायचं. “डॉक्टरसाब, बच्चा तो छोटा है ना? छोटे बच्चे को ऑपरेशन काय कू? वो तो आराम से आयेगा!”

डॉक्टरीण थांबली. रागावली नाही. “माताजी, छोटा है, इसीलिए तो,” ती म्हणाली. मग तिने नीट समजावून सांगितलं. पोटातल्या बाळाला आतून पुरेसं पोषण पोचत नाहीये. ते अशक्त आहे. कळा येतात तेव्हा बाळही आवळलं जातं. धडधाकट मूल ते सोसतं, हे सोसणार नाही. मूल मोठं असलं की अडतं हे खरं, पण वाढ खुंटलेलं मूलसुद्धा कळांत दगावू शकतं. आणि जाता जाता तिने विचारलं, “लड़की का अपना वज़न भी महीने भर से नहीं बढ़ा. ये खाती नहीं थी क्या?”

डॉक्टरीणच पुढे म्हणाली, की फक्त खाण्यामुळेच झालं असं काही म्हणता यायचं नाही, रक्तदाबही चढलाय, अशा वेळी एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. पण मावशींना कॉरिडॉरमध्ये एकटीला उभं राहून ओट्यावर उचलून ठेवलेला पोळ्यांचा डबा दिसत होता.

मुलगी झाली. पावणेदोन किलोची. मूठभर जीव, कातडीला सुरकुत्या, आवाज मांजराच्या पिल्लाइतका. काही दिवस नर्सरीतल्या काचेच्या पेटीत राहिली. दूध वाटी-चमच्याने घोट घोट घ्यायला लागली तेव्हा डॉक्टरणीने घरी सोडलं, पण अटी घालूनच. आंघोळ नाही. मालिश नाही. धुरी तर मुळीच नाही. बाळाला टोपडं-मोजे घालायचे आणि बाकी उघडं अंग आईच्या उघड्या छातीला लावून, वरून पांघरूण घेऊन, तासन्‌तास बसायचं. आईची ऊब हीच पेटी. आई थकेल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं.

दुसरं कोण? राघवला दिल्लीच्या धुक्याने सर्दी-खोकला धरलेला. डॉक्टरणीने त्याला बाळाजवळ फिरकायचं नाही म्हणून बजावलं होतं. राहिल्या मावशी. ज्यांनी इतकी बाळं पायांवर घेऊन न्हाऊ घातली, त्या बाईने आता काही म्हणजे काही करायचं नव्हतं. नुसतं बसायचं! समोरून उघडणारा गाऊन घालून, आरामखुर्चीत मागे रेलून, छातीवर ते चिमणं बाळ घेऊन मावशी दुपारभर बसायच्या. नाकाला खाज सुटली तरी हलायच्या नाहीत. बाळाचा श्वास त्यांच्या गळ्याशी लागायचा आणि त्यांना भरून यायचं. आपल्या लेकाला असं धरता आलं नव्हतं. ते सुख आता देवाने दिलं, तेही कुठल्या वाटेने दिलं, असं मनात येऊन त्यांना सुख सोसवायचं नाही.

वाईट हे, की त्यांना कुणीच काही विचारत नव्हतं. उलट साऱ्या सोसायटीने निकाल लावून टाकला होता. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, “आजकल डॉक्टर लोग टाइम से पहले निकाल लेते हैं जी, बच्चा बेचारा कमज़ोर रह जाता है.” मराठी घरांतही तेच. मावशी असताना असं कसं झालं? त्या डॉक्टरणीने घाई केली, दुसरं काय! मावशींचं नाव शाबूत होतं. नुसतं गप्प बसायचा अवकाश, ते तसंच शाबूत राहणार होतं. आणि त्या गप्प बसल्या, हेही सांगायलाच हवं. मान हलवायच्या, आणि रात्री कूस बदलत राहायच्या.

एका दुपारी लाइट गेली. हीटर विझला. बाहेर धुकं अजून उतरलं नव्हतं आणि खोली बघता बघता गार पडली. मावशींनी शाल गच्च लपेटून घेतली. आत बाळ निवांत, कोमट. पलंगावर रसिका टाक्यांमुळे कुशीवर पडून होती. तेवढ्यात फोन वाजला. नाशिकहून हेमलताताई. रसिका नुसतं “हो आई... हो... बरोबर आहे” म्हणत राहिली, फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडायला लागली.

“काय गं? काय झालं?”

“त्या म्हणतात, ऑपरेशनची घाई केलीत. अजून राहिलं असतं पोटात तर भरलं असतं. मीच हो म्हटलं ना मावशी. घाबरून सही केली. थोडा धीर धरला असता तर माझं पिल्लू एवढंसं राहिलं नसतं. माझ्यामुळे झालं सगळं.”

एरवी अशा वेळी मावशी काहीतरी पुटपुटत स्वयंपाकघरात गेल्या असत्या, कढई आपटली असती, शिरा करून आणला असता. पण छातीवर बाळ झोपलेलं. उठायची सोय नव्हती, पळायची तर नव्हतीच.

“रसिका, इकडे बघ. उलटं आहे गं ते.”

“काय उलटं?”

“ऑपरेशन केलं म्हणून बाळ बारीक नाही राहिलं. बाळ बारीक राहिलं म्हणून ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरणीने मला तोंडावर सांगितलं. तू धीर धरला असतास ना, तर आज माझ्या छातीवर हे नसतं. तुझ्या सहीने पोर वाचलीय. आणि बारीक राहावं म्हणून तुला अर्धपोटी कुणी ठेवलं? मी. तुझा काही दोष नाही राजा. डॉक्टरीण म्हणते, रक्तदाबही होता. असेल. पण तू भरलं ताट मागत होतीस आणि मी डबा उचलून ठेवला.”

खाली टँकरवाला हॉर्न देत होता. रसिका उताणी होऊन छताकडे बघायला लागली. मग म्हणाली, “मला भूक लागायची, मावशी.”

मावशींनी डोळे मिटले.

“खूप लागायची. तुम्ही गेल्यावर मी डब्यातले कोरडे पोहे मूठभर खायचे. मग वाटायचं, मावशी आपल्यासाठी एवढं करतात आणि आपण त्यांना फसवतो. म्हणून ते पण बंद केलं.” ती रागावली होती. पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग होता, आणि मावशींना तो मिळायलाच हवा असं वाटत होतं. रसिका हात टेकत, कण्हत उठली, खुर्चीपाशी आली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

झालं, मावशींना वाटलं. आता ही बाळ काढून घेणार, आणि घेतलंच पाहिजे. त्या शालीची गाठ सोडायला लागल्या.

“सोडू नका, गार लागेल तिला,” रसिका म्हणाली. तिने शालीतून बोटं आत घातली आणि बाळाचं वर सरकलेलं टोपडं कानांवर नीट ओढलं. मग खुर्चीच्या हाताला धरून तशीच उभी राहिली. “मला आत्ता भूक लागलीय.”

“थांब, मी—”

“उठायचं नाही तुम्ही. ती झोपलीय.”

तेव्हा मावशींनी हळू आवाजात, पण जीव तोडून हाक मारली, “अहो! अहो, ऐकलंत का?”

मावशी घरी सापडत नाहीत म्हणून गुणवंतराव हल्ली दुपारी रसिकाच्याच बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. त्यांना जन्मात गॅस पेटवायचं ठाऊक नव्हतं. मावशींनी आतून सांगायचं आणि त्यांनी करायचं, असं करत त्यांनी सकाळच्या पोळ्या गरम केल्या. पहिली जाळली, दुसरीही जाळली, तिसरी जमली. वर तूप-गूळ घालून ताटली घेऊन आले. “एकच आणलीत?” मावशी कडाडल्या, पण बाळ दचकेल म्हणून कुजबुजत कडाडल्या. “सगळ्या आणा हो. डबाच आणा.” आणि रसिकाने पलंगावर बसून, डोळे पुसत, पोटभर जेवण केलं. मावशी तिच्या प्रत्येक घासाकडे बघत होत्या.

त्या दिवसानंतर पोर हळूहळू बाळसं धरायला लागली. आधी गालांवर, मग मनगटांवर. काट्यावर ठेवलं की डॉक्टरीण भुवया उंचावून “शाबाश” म्हणायची. कुणाला म्हणायची कोण जाणे, पण मावशींचा जीव भांड्यात पडायचा.

बारसं मुद्दामच उशिरा, परीक्षा आटोपून हेमलताताई आल्यावर केलं. उन्हं तापायला लागली होती. फ्लॅट माणसांनी भरलेला, पाळण्याला झेंडूच्या माळा, नाव ठेवलं कादंबरी. जेवणाची पंगत हॉलमध्येच बसली. मावशी पुरणपोळ्या वाढत होत्या. पंगतीत समोरच्या इमारतीतली मृणाल होती. तिला आठवा लागला होता. मावशी तिच्या पुढ्यात आल्या तशी तिने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. “मला अर्धीच. ऑपरेशन नको बाई मला. रसिकाला तुम्ही सांगायचात ना, हात आखडता घ्यायचा म्हणून?”

“बरोबर आहे तिचं,” हेमलताताई वरून म्हणाल्या. “आमच्याकडे ऑपरेशन टाळलं असतं ना, तर पोरगी अशी काटकुळी झाली नसती.”

रसिकाने मान खाली घातली. मावशींच्या हातात पोळीची ताटली तशीच राहिली. पंगतीत त्यांनी बाळंतपण केलेल्या कितीतरी पोरी बसल्या होत्या. मावशींनी ताटली खाली ठेवली.

“हेमलताताई, त्या पोरीला बोल लावू नका. ऑपरेशन झालं म्हणून नात तुमच्या मांडीवर आहे. ती बारीक होती आधीच, पोटातच. आणि बारीक राहिली तर बरं, असं मला वाटत होतं. मी रसिकाला पोटभर जेवू दिलं नाही. चुकलं माझं.” चारचौघांत एवढं बोलून त्या खाली बसल्या.

कुणी कुणाकडे बघेना. मृणालचे हात ताटावर तसेच अर्धवट राहिलेले. आता ह्या घरात, ह्या वस्तीत आपल्याला पुन्हा कुणी बोलावणार नाही, असं मावशींना वाटलं, आणि तेही ठीकच आहे असं वाटलं.

रसिका उठली. पाळण्यातून कादंबरीला उचललं आणि कुणाला काही न विचारता मावशींच्या मांडीवर दिली. पोर आपसूक त्यांच्या छातीकडे वळली आणि गळ्याशी नाक खुपसून गप्प झाली. मग रसिकाने ताटली उचलली, मृणालचे हात बाजूला केले आणि तिच्या ताटात अख्खी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली.

“आणि ही दुसरी,” ती म्हणाली. “खा. मावशींचं पथ्य आहे.”